मराठवाड्यातल्या सावलीच्या जागी मॉस: लावणी, पाणी आणि उन्हाळ्यातली झोप

घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला तीन फुटी बोळ, आंब्याखालची जमीन, जिन्यामागचा कोपरा, पाण्याच्या टाकीमागची पट्टी. अशा जागी लॉन टिकत नाही. हरळीला ऊन लागतं. सावलीत ती आधी पिवळी पडते, मग विरळ होते आणि शेवटी चिखल तेवढा उरतो. मग माणूस वैतागून फरशी टाकून मोकळा होतो. खरं तर याच जागांवर दर पावसाळ्यात कुणी न लावता मॉस, म्हणजे आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यातलाच एक प्रकार, उगवतं आणि आपण ते दिवाळीच्या साफसफाईत तारेच्या ब्रशनं घासून काढतो. तेच जरा हाताशी धरलं, तर ना खत, ना कापणी, असं जमिनीलगतचं हिरवं आच्छादन मिळतं.

पण एक गोष्ट आधीच मान्य करून घ्या, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावरच बेतलेली आहे. मोबाइलवर मॉसच्या बागा शोधल्या की जपानमधल्या क्योटोच्या साइहो-जी मंदिराचे फोटो दिसतात. तिथे मॉसच्या सुमारे १२० जाती आहेत आणि वर्षाच्या प्रत्येक महिन्यात पाऊस पडतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही खंड देत देत, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर. इथलं मॉस जुलैपासून दिवाळीपर्यंत गच्च हिरवं असतं, थंडीत दवावर जमेल तसं तग धरतं, फेब्रुवारीत तपकिरी पडतं आणि मृगाच्या पावसात पुन्हा उठतं. मधल्या काळात ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. त्याला झोपू द्यायची तयारी असेल तर पुढे वाचा. बारा महिने हिरवंगार हवं असेल तर टँकरच्या गावात तो हट्ट परवडणारा नाही.

मॉस कोणतं आणि बुळबुळ कोणती

ओलीवर जे हिरवं दिसेल त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. लावणीआधी त्यातलं कामाचं आणि बिनकामाचं वेगळं करता यायला हवं.

बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, नखानं खरवडलं की हिरवा गाळ निघतो, ते शैवल. न्हाणीच्या मोरीजवळ पाय घसरतो तो यामुळे. पावसानंतर अंगणात हिरवट-काळे, जेलीसारखे गोळे दिसतात ते नॉस्टॉक. वाळले की काळी पापडी होते. जमिनीला चिकटून, फाटे फुटलेल्या चपट्या पानांची छोटी चक्रं दिसली तर ती रिक्सिया. ती दिसायला छान असते, पण पाऊस सरला की जागा उघडी पडते.

मॉसला मात्र देठ आणि पानं असतात. अगदी बारीक, पण भिंग धरलं की स्वच्छ दिसतात. हात फिरवला की ते लवतं. श्रावणाच्या सुमारास त्यातून केसासारख्या काड्या वर येतात आणि टोकाला बोंड असतं. त्या बोंडातून बीजाणू उडतात. मुळं नसतात, असतात ते नुसते धरून ठेवणारे धागे. पाणी ते पानांनी आणि सगळ्या अंगानं पितं. ही एक गोष्ट नीट डोक्यात बसली तर निम्म्या चुका टळतात. उदाहरणार्थ ठिबक. आपल्याकडे झाड म्हटलं की आधी ठिबकची नळी अंथरली जाते, पण ज्याला मुळंच नाहीत त्याच्या मुळाशी पाणी देऊन काय उपयोग?

मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात सहज सापडणारी मॉस थोडीच आहेत. जुन्या चुन्याच्या भिंती, विटा आणि सिमेंटवर दाट उशीसारखी वाढणारी हायोफिला इन्व्होल्युटा आणि सेमिबार्ब्युला ओरिएंटॅलिस. हायोफिलाची पानं वाळली की कडा आत वळून नळीसारखी होतात आणि पाण्याचा थेंब पडला की काही मिनिटांत उलगडतात. फरशीच्या सांधीत, रस्त्याकडेला रुपेरी झाक असलेलं दिसतं ते ब्रायम अर्जेंटियम. ते ऊन आणि पाय दोन्ही सोसतं. अकरावीच्या पुस्तकातली फ्युनारियासुद्धा मोकळ्या किंवा जळलेल्या जमिनीवर येते, बोंडं मोठी असल्यानं लगेच नजरेत भरते. पण ती हंगामी पाहुणी आहे, तिच्या भरवशावर बाग करू नका. भिंतीवरच्या उशांवर सगळी मदार ठेवा.

नावं पाठ नसली तरी चालतं. तुमच्या गच्चीच्या कठड्यावर जे सलग दोन उन्हाळे काढून पुन्हा हिरवं झालंय, ते तुमच्या बागेसाठी सगळ्यात लायक वाण.

सावली उन्हाळ्यात तपासा, पावसाळ्यात नाही

घराची उत्तर बाजू म्हणजे कायमची सावली, असं आपण धरून चालतो. हिवाळ्यात ते खरं आहे. पण मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशांमध्ये येतो, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. शाळांमध्ये मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस पाहतात तो हाच प्रकार. त्या दिवसापासून पुढे उत्तरेच्या भिंतीलगतही दुपारचं ऊन उतरतं, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्च संपल्यापासूनच येत असतं. जूनचे ढग आले की बरं, पण मेची शेवटची पंधरवडी बोळातसुद्धा भाजते.

म्हणून जागा ठरवायची तर मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि चार वाजता जाऊन खडूनं उन्हाची रेघ मारा. सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन चालतं. दुपारचं एखादा तास आलं तर त्या पंधरवड्यापुरती हिरवी शेडनेट बांधता येते. पश्चिमेचं ऊन मात्र सोडून द्या. तिथे मॉसच्या नादाला लागू नका.

झाडाखालची सावली वेगळी. आंबा सगळ्यात बरा, दाट आणि थंड, पानं मोठी असल्यानं वेचता येतात. चिंचेची सावली छान, पण तिची बारीक पानं मॉसमध्ये अडकून बसतात आणि काढता काढता नाकी नऊ येतात. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो, तेव्हा मॉस झोपलेलं असतं, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पारिजातकाखाली मॉस असेल तर सकाळी जे दिसतं ते पाहायला शेजारी येतात. फक्त ती फुलं रोज उचलायची. दोन दिवस राहिली की कुजून खाली पिवळे डाग पडतात.

घराच्या पायाला मात्र एक फूट सोडून द्या. काळ्या मातीत पायालगत रोज ओल ठेवणं घराला चांगलं नाही. माती फुगते, मग आकसते, आणि भिंतीला तडा जातो. त्या एका फुटात खडी किंवा मुरूम टाकावा.

जमीन: काळी माती झाकायची

काळ्या रेगूर मातीवर थेट मॉस लावलं तर पहिला पावसाळा छान जातो. दिवाळीनंतर जमीन भेगाळायला लागते आणि त्याबरोबर मॉसचा थरही फाटतो. दुसरं म्हणजे भिजलेली काळी माती पायाला चिकटून येते, सोबत मॉस उचलून. तेव्हा ती झाकावी लागते.

मेच्या शेवटी, जमीन कोरडी असताना काम करा. हरळी आणि लव्हाळा असेल तर आधी मुळासकट, गाठीसकट काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी तो मॉस फोडून वर येतो आणि उपटताना आजूबाजूचं वीतभर मॉस घेऊन जातो. या एका कामाला दोन दिवस लागले तरी लागू द्या.

मग वरची तीनेक इंच माती काढून दोन इंच बारीक मुरूम पसरा, पाणी शिंपडून धुम्मसानं ठोकून घ्या. चार फुटांना एक इंच असा हलका उतार ठेवा, पाणी तुंबलं की मॉसऐवजी शैवल माजतं. त्यावर अर्धा-पाऊण इंच चाळलेली पांढरी माती टाका. गावठाणातली, जुन्या पडक्या भिंतीची, माळवदावर टाकतात ती. ती काळ्या मातीसारखी भेगाळत नाही. मिळत नसेल तर नदीकाठचा पोयटा आणि विटांचा बारीक चुरा समप्रमाणात घ्या. पृष्ठभाग टणक हवा, बोट दाबलं तर ठसा उमटावा पण बोट आत जाऊ नये. भुसभुशीत वाफ्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. शेणखत, गांडूळखत, कोकोपीट यातलं काहीही घालू नका. खत घातलं की गवत आणि बुरशी यांचीच चंगळ होते.

बाहेरच्या लेखांमध्ये माती आम्लधर्मी करा, गंधक टाका, असा सल्ला असतो. तो तिकडच्या जंगलातल्या मॉससाठी ठीक. आपली माती अल्कधर्मी आहे आणि आपण लावणार आहोत ते मॉस चुन्याच्या भिंतीवर वाढलेलं आहे. त्याला आम्ल कशाला? गंधकाचे पैसे वाचवा.

सुरुवात तीन फूट बाय तीन फूट एवढ्याच तुकड्यानं करा. जागेचा स्वभाव कळायला एक वर्ष लागतं.

मॉस आणायचं कुठून

स्वतःच्या घरापासून सुरू करा. गच्चीचा कठडा, पावसाच्या पाइपाचं तोंड, जुन्या सिमेंटच्या कुंड्या, विटांचा ढीग, टाकीखालचा कोपरा. एसीच्या पाण्याची नळी जिथे ठिबकते तिथे तर ऐन उन्हाळ्यातही हिरवा पुंजका सापडतो. शेजारी कुणी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणार असेल तर ती सोन्यासारखी संधी. मजूर ते खरवडून टाकणारच असतात, तुम्ही घमेलं घेऊन उभे राहा. परभणीच्या आमच्या गल्लीत मी असाच कठडा खरवडत होतो तर खालून एका आजींनी विचारलं, "अहो, लोक घासून काढतात ते तुम्ही लावायला न्यायलाय व्हय?" आता त्यांच्या नातवानं तुळशीवृंदावनाभोवती लावलंय.

भिजलेल्या दिवशी काढा. कोरडं मॉस खरवडताना चुरा होतं. थापी किंवा कालथा भिंतीला जवळजवळ आडवा धरून तळहाताएवढी चकती हळू सरकवा. एका जागचं सगळं घेऊ नका, दोन चकत्या घेतल्या तर तिसरी तिथेच राहू द्या. पुढच्या पावसात रिकामी जागा भरून येते आणि तुमचं बियाणं कायम राहतं.

कुठून आणू नये हेही स्पष्ट सांगतो. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, औंढ्याचं नागनाथ मंदिर, वालूर-चारठाण्याच्या बारवा: अशा दगडांना थापी लावायची नाही. मॉस निघतं तेव्हा दगडाचा पापुद्राही निघतो. गौताळ्यासारख्या अभयारण्यातून वनस्पती काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि महाबळेश्वर, आंबोलीच्या सहलीतून पिशवी भरून आणलेलं ते लांब झालरीचं मॉस? ते धुक्यात वाढलेलं असतं. इथला एक मार्च त्याला पुरतो.

नर्सरीत पाकिटात मिळणारं पांढरट स्फॅग्नम मॉस हे ऑर्किडच्या कुंडीत भरायचं वाळलेलं सामान आहे, ते जमिनीवर हिरवं होऊन पसरत नाही.

लावणी: झड लागण्याची वाट पाहा

मृगाच्या पहिल्या वळवात घाई करू नका. तेव्हा एक दिवस धो-धो पडतं आणि पुढे आठ दिवस ऊन तापतं. ढगाळ हवा टिकायला लागली, दोन-तीन दिवस झड लागून राहिली, की लावणीचा मुहूर्त. बहुतेक वर्षी तो जुलैत येतो, कधी जूनच्या शेवटी. पंधरा ऑगस्टनंतर नवी लावणी नको, कारण अंगावर पाऊस घ्यायला त्याला निदान दोन महिने मिळायला हवेत.

दोन पद्धती आहेत. हाताशी मॉस भरपूर असेल तर चकत्या लावा. तयार जमीन भिजवून घ्या, वरचा थर शाईसारखा नाही पण लोण्यासारखा ओला हवा. चकतीच्या खालची सैल माती झाडा, चकती ठेवा आणि तळहातानं घट्ट दाबा. दोन चकत्यांमध्ये चार ते सहा इंच अंतर. सगळं लावून झालं की वर गोणपाट टाकून त्यावरून अनवाणी चालत जा. ऐकायला विचित्र वाटतं, पण मॉस आणि जमीन यांच्यात हवेची पोकळी राहिली की चकती कडेनं वाळून उचलली जाते. आठवडाभर रोज एकदा दाबलं तरी चालेल.

मॉस थोडं आणि जागा मोठी असेल तर चुरा करा. मॉसचं पान किंवा देठाचा तुकडासुद्धा नवं रोप धरू शकतो, त्यामुळे ही पद्धत चालते. सावलीत दोन-तीन दिवस वाळवून, हातानं चुरगाळून, रवाळ चाळणीतून गाळा. तेवढीच बारीक वाळू मिसळली की पेरा सारखा पडतो. एक चौरस फूट मॉसचा चुरा तीन चौरस फुटांवर पसरा, जास्त ताणू नका. वरून फवारा मारा, फळीनं हलकं दाबा आणि जुनी सुती साडी किंवा शेडनेट पसरून कडेला विटा ठेवा. मोठ्या सरीत चुरा वाहून जात नाही आणि साळुंक्या उकरत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी खाली हिरवी लव दिसली की कापड काढा. दाट थर व्हायला मात्र दुसरा पावसाळा उजाडतो.

मला विचाराल तर दोन्ही एकत्र करा: चकत्या लावा आणि मधल्या फटींत चुरा भुरभुरवा.

मिक्सरमध्ये मॉस आणि ताक फिरवून भिंतीवर लेपायची कृती इंटरनेटवर फार चालते. करू नका. आपल्या उष्ण हवेत ताकावर आधी बुरशी येते, मग मुंग्या, मग वास. मॉस आलंच तर ते ताकाशिवायही आलं असतं. ताक जेवणात प्या.

पहिले सहा आठवडे

हाच नाजूक काळ आहे. पाऊस पडत असेल तर तुम्हाला काहीही करायचं नाही. पण ऑगस्टमध्ये उघडीप आली, आणि आपल्याकडे ती बहुतेक वर्षी येतेच, तर सकाळी सूर्य वर येण्याआधी आणि पुन्हा संध्याकाळी बारीक फवारा द्या. नऊ चौरस फुटांना एका वेळी अर्धा लिटर पुरतं. नळीनं धार सोडू नका, धारेनं चकती उखडते.

फवारणीचा पंप शेतातला वापरणार असाल तर थांबा. त्यात कधी तणनाशक भरलं असेल तर कितीही धुतला तरी तो या कामाला नको. तांब्याचं औषध मॉसला आणखी वाईट. जालना-संभाजीनगरकडे ज्यांच्या परसात मोसंबी आहे त्यांनी खोडाला बोर्डो पेस्ट लावताना आणि मोरचूद फवारताना खालचं मॉस प्लास्टिकनं झाकावं. जिथे तो निळा थेंब पडतो तिथलं मॉस जळतं.

पाणी: किती यापेक्षा कुठलं

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठवाड्यात मॉस मरतं ते बहुतेक पाण्याअभावी नाही, पाण्यामुळे.

आपलं बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच मॉसच्या पानांवर बसतो. झाडाला मुळाशी पाणी देताना क्षार मातीत मुरतात. मॉस मात्र पानांनीच पाणी पितं, आणि पाणी उडून गेलं की क्षार पानांवरच उरतात. महिनाभर बोअरच्या पाण्याचा फवारा मारला की टोकं पांढुरकी आणि मग तपकिरी होतात. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी मारतो.

पावसाचं पाणी साठवा. १०० चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ९० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. २०० लिटरचा एक पिंप झडीत भरून जातो. पहिल्या पावसाची घाण वाहून जाऊ द्या, मग नळी पिंपात सोडा. तोंडाला कापड घट्ट बांधा, नाही तर डेंग्यूच्या डासांची सोय होते. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, ते हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं असतं आणि त्यात क्षार नसल्यातच जमा. कूलरच्या टाकीतलं पाणी याच्या बरोबर उलट: पाणी उडत जातं, क्षार मागे राहून घट्ट होत जातात, ते चुकूनही टाकू नका. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणीही तसंच. भांडी-कपड्यांचं साबणाचं पाणी अळूच्या वाफ्याला सोडा, तो खुशीत राहतो. मॉसपासून दूर ठेवा.

नाइलाजानं बोअरचं पाणी वापरावं लागलं तर पुढचा मोठा पाऊस ते धुऊन नेईल एवढ्याच काळापुरतं वापरा. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या खंडात एखादा आठवडा ठीक, दिवाळीनंतर अजिबात नाही.

रोजची राखण

काम फार नाही, पण चुकवून चालत नाही. पडलेली पानं दर दोन-तीन दिवसांनी काढा. ओलं पान आठवडाभर पडून राहिलं की खालचं मॉस पिवळं पडून सुटतं. खराटा वापरू नका. फुलांचा मऊ झाडू एकाच दिशेनं हलका फिरवा. देशी बदामाचं झाड असेल तर ती मोठी पानं हातानं उचला.

तण कोवळं असतानाच काढा. आंबुशी, घोळ, दुधी, केणा हे चार नक्की येतात. एका हातानं भोवतीचं मॉस दाबून धरा, दुसऱ्या हातानं तण ओढा आणि जागा पुन्हा दाबा. मूळ खोल असेल तर उपटण्याच्या भानगडीत न पडता कात्रीनं जमिनीलगत कापत राहा, दोन-तीनदा कापलं की बहुतेक तण थकतं. गवत मात्र कापून थकत नाही, ते खुरप्याच्या टोकानं काढावंच लागतं.

सातभाई, साळुंक्या आणि कोंबड्या किडे शोधायला मॉस उलथतात. उलटलेली चकती दिसली की सुलटी करून दाबा, ती धरते. कोंबड्या मोकळ्या असतील तर जाळी हवी. तिथे समजावणी चालत नाही.

जिथून रोज ये-जा आहे तिथे शहाबादी फरशीचे किंवा काळ्या दगडाचे तुकडे पावलाच्या अंतरानं बसवा आणि मॉस मधे वाढू द्या. दगडांवर चढलेली बुळबुळ वेळोवेळी कोरड्या ब्रशनं काढा. घरात म्हातारं माणूस असेल तर जाण्यायेण्याच्या वाटेवर मॉस नकोच. गणपती-दिवाळीला घर रंगवताना चुना, सिमेंटचं पाणी, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर या चौघांपासून जपा. रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तो आपला ब्रश तिथेच झटकतो.

दिवाळीनंतर हात आवरा

ऑक्टोबर हीटमध्ये मॉस वाळायला लागतं आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. पिंपात पावसाचं पाणी असेल तर नोव्हेंबरपर्यंत सकाळी लवकर फवारा देत हिरवाई लांबवता येते. द्यायचं तर रोज आणि पुरेसं द्या, निदान दोन-तीन तास ओल टिकली पाहिजे. थंडीत दव पडतं, ओल दहापर्यंत राहते, तेव्हा हे साधतं.

उन्हाळ्यात मात्र दोन दगडांवर पाय नको. वाळलेलं मॉस भिजलं की आधी त्याला स्वतःची डागडुजी करावी लागते आणि त्यात साठवलेलं अन्न खर्ची पडतं. ओल पुढे काही तास टिकली तर ते नवं अन्न तयार करून तो खर्च भरून काढतं. मार्च-एप्रिलमध्ये दयेपोटी एक फवारा मारला आणि ते अर्ध्या तासात वाळलं, तर खर्च झाला आणि जमा शून्य. असं रोज केलं की दोन महिन्यांत दिवाळं निघतं. शिवाय कोरडं मॉस जेवढी उष्णता सोसतं तेवढी भिजलेलं सोसू शकत नाही. दुपारी पाणी मारलं तर ते अक्षरशः उकडतं. म्हणून फेब्रुवारीत एक तारीख ठरवा, त्यानंतर पाणी पूर्ण बंद. धूळ बसली, तपकिरी पडलं, कडा वळल्या, तरी बंद.

या काळात त्यावरून कुणाला चालू देऊ नका, कोरडं मॉस पायाखाली मोडतं. खाट टाकायची, सायकल लावायची, कांदे वाळत घालायचे हे उद्योग दुसरीकडे.

जिवंत आहे की गेलं, अशी शंका आली तर एप्रिलमध्ये चिमूटभर काढून वाटीत पावसाच्या किंवा एसीच्या पाण्यात टाका. दहा मिनिटांत पानं उलगडून हिरवी दिसली तर काळजी नाही. तपकिरीच राहिली आणि बोटांत चोळल्यावर गाळ झाली तर तेवढा भाग गेला, पुढच्या झडीत तिथे नवी चकती लावायची.

दुसरा पावसाळा

मृगाच्या पहिल्या दोन पावसांत रंग फिरतो. पण जमिनीवर जिथे जिथे मॉस विरळ झालंय ते नीट दिसायला दोन आठवडे द्या आणि मगच डागडुजीला हात घाला. बरेचदा आपण मेलेला समजतो तो तुकडा नुसता उशिरा उठलेला असतो. कडेला जिथे ते आपणहून वीतभर पुढे सरकलंय, त्या दिशेला जमीन तयार करा. त्याला आवडणारी बाजू तीच. जिथे दोन्ही वर्षी टक्कल पडलं तिथे पुन्हा मॉस लावत बसू नका, तिथे दुपारचं ऊन येतंय किंवा पाणी तुंबतंय. तिथे दगड ठेवा, किंवा ओल राहत असेल तर विहिरीच्या कडेला उगवतो तो हंसराज लावून पाहा.

पहिल्या वर्षीचा चुरा उरला असेल तर तो फेकू नका. सावलीत पूर्ण वाळवून कागदी पुडीत बांधून कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे घाम धरून बुरशी येते. असा चुरा पुढच्या झडीपर्यंत सहज टिकतो. पुडीवर कुठल्या भिंतीचा आहे ते लिहून ठेवा, म्हणजे कोणतं वाण आपल्या अंगणात चाललं आणि कोणतं नाही याचा पत्ता लागतो.